हाल्वरचं रक्षण एकवीस

व्हर्ना सोरवारीने आयुष्याची सव्वीस वर्षं कुठल्या रस्त्यावरचा बर्फ आधी काढायचा हे ठरवण्यात घालवली. काउंटीच्या रस्तेखात्यात तिचं टेबल खिडकीपाशी होतं. तिथून ती अकरा गाड्या हलवायची: शाळेचा रस्ता पहिला, मग दवाखाना, मग गिरणीची पाळी सुटायच्या आत पूल. गावात तिच्यावर न रुसलेलं एकही घर नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटायचं की आपलीच गल्ली मुद्दाम शेवटी ठेवली आहे. ती मुळीच मुद्दाम नसायची. व्हर्ना नाकासमोर चालणारी बाई, आणि अशा बाईवर लोक जास्तच रुसतात.

लग्न तिने एकदाच केलं. ते नऊ वर्षं टिकलं, आणि त्यातून तिच्याकडे परसातली एक उत्तम सौना, म्हणजे लाकूड पेटवून वाफ घ्यायची खोली, आणि फाशांची एक कातडी पिशवी एवढं उरलं. नवरा गेल्याचं तिला फारसं काही वाटलं नाही, पण शनिवार गेला असता तर मात्र ती कोलमडली असती. शनिवार म्हणजे दुपारी एक ते पाच, ग्लेन ओस्टबीच्या तळघरात, घर तापवायच्या भट्टीच्या शेजारचं गोल टेबल. तिथे ही माणसं कागद, पेन्सिल आणि वीस तोंडांचे फासे घेऊन एका कल्पनेतल्या राज्यात भटकायची. एकतीस वर्षं भटकत होती. प्रत्येकाचं एक पात्र, पात्राचा एक कागद, कागदावर त्याची ताकद, त्याची हत्यारं, त्याचे उरलेले प्राण. ग्लेन सूत्रधार: राक्षस त्याचे, हवामान त्याचं, आणि नियमांचं जाडजूड पुस्तकही त्याच्याच मांडीवर.

ग्लेन शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला. त्याच्या टेबलाचे कायदे तीन. फासे सगळ्यांसमोर टाकायचे. आपलं गणित आपणच करायचं. आणि मेला तो मेला, रडारड नाही. पात्र मेलं की त्याचा कागद फडताळातल्या निळ्या कॉफीच्या डब्यात जायचा. तो कसा मेला हे त्यावर मालकाने स्वतःच्या हाताने लिहायचं आणि पुढच्या शनिवारी सगळ्यांचं जेवण आणायचं. डब्यात आतापर्यंत तेवीस कागद होते. चौथा गडी आर्ने थंडीला कंटाळून ॲरिझोनाला राहायला गेला, त्याचाही कागद याच डब्यात गेला. त्यावर ग्लेनने लिहिलं होतं, "उन्हाने मेला."

उरले तिघं. तिसरा लोवेल निएमी, कागदाच्या गिरणीत पस्तीस वर्षं मशीन चालवलेला. त्याचं पात्र हाल्वर, एका डोळ्याचा म्हातारा नावाडी, हातात वल्हं आणि पाठीवर ढाल. हा हाल्वर एकोणीस वर्षं जिवंत होता. डब्याच्या इतिहासात एवढं कुणी जगलं नव्हतं, आणि लोवेल ते वर्षातून दोनदा तरी ऐकवायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात खिडक्यांना थंडीच्या काचा बसवताना लोवेल शिडीवरून उतरला आणि खालीच बसला. मेंदूचा झटका. नाताळपर्यंत बोलणं परत आलं, उजवा पाय थोडा ओढत का होईना चालू लागला. फक्त आकडे परतले नाहीत. सात आणि पाच म्हटलं की त्याला सात दिसायचे, पाचही दिसायचे, पण ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. पस्तीस वर्षं कागदाची जाडी केसाच्या हिशेबात सांगणारा माणूस.

तो टेबलावर परत आला त्या शनिवारी त्याने हल्ल्याचा फासा टाकला. चौदा पडले. त्यात वल्ह्याचे सहा आणि आणखी तीन मिळवायचे होते. लोवेल कागदाकडे बघत राहिला. भट्टी पेटली, विझली. व्हर्नाला राहवलं नाही.

"तेवीस," ती म्हणाली.

लोवेलने पेन्सिल खाली ठेवली. "अगं, मग असं कर ना. फासाही तूच टाक. मी कॉफी आणतो सगळ्यांना."

पुढचे दोन शनिवार तो आला नाही. त्याच्या बायकोचा, मार्जीचा, फोन आला. "गॅरेजात जाऊन बसतो गं. काही करत नाही. नुसता बसतो. मी विचारलं, जात का नाहीस? तर म्हणतो, दुसऱ्याने मोजायचं असेल तर खेळलो कुठे मी?"

ते "तेवीस" व्हर्नाच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं. तिने रस्तेखात्यात असताना गाड्यांसाठी स्प्रेडशीट करायला स्वतःचं स्वतः शिकून घेतलं होतं. आता तिने हाल्वरची शीट करायला घेतली: टॅबलेटवर उघडणारी, ठळक आकड्यांची. लोवेलने खरा फासा खऱ्या टेबलावर टाकायचा, पडलेला आकडा चौकटीत लिहायचा, बाकीची बेरीज-वजाबाकी शीटने करायची.

वाटलं होतं दोन संध्याकाळचं काम. लागले अकरा दिवस. नियमांचं पुस्तक माणसांसाठी लिहिलेलं असतं, आणि माणूस दर ओळीला मनात "अर्थात" म्हणत पुढे जातो. जखमी झाला की ताकद कमी, अर्थात पट्टी बांधली तर नाही. थकला की हल्ल्यातून दोन वजा, अर्थात होडीत असेल तर नाही, नावाडी आहे तो. यंत्राला "अर्थात" कळत नाही. त्याला प्रत्येक अर्थात वेगळा समजावून सांगावा लागतो, आणि तसे दोनशे तरी होते. व्हर्नाला बर्फाची आठवण आली. नकाशावर रस्ता सरळ असतो. रात्रीतून कुणी गाडी आडवी लावून ठेवली आहे हे नकाशाला कुठे माहीत?

लोवेलने टॅबलेट हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "हे मला मदत करणार, की माझ्या जागी खेळणार?"

"तुझा चष्मा तुझ्या जागी बघतो का?"

"मार्जी म्हणते, बघतोच." पण तो हसला, आणि त्या शनिवारी आला. आणि येत राहिला. व्हर्नाला निवृत्तीच्या दिवशी काउंटीने बर्फ काढायच्या नांगराचा एक छोटा पितळी नमुना दिला होता. या शीटपुढे तिला तो कवडीमोल वाटायचा.

तर हे सगळं छान चाललेलं असताना या एप्रिलमधल्या एका गुरुवारी व्हर्ना शीट उघडून परत परत एकच आकडा बघत बसली होती.

झालं होतं असं. आदल्या शनिवारी हाल्वरला नवी ढाल मिळाली, तीनच्या जागी चारची. व्हर्नाने शीटमध्ये चार लिहिले. हाल्वरचं रक्षण, म्हणजे शत्रूला त्याच्यावर वार बसवायला जेवढे पाडावे लागतात तो आकडा, एकवीसवरून बावीस झालं. तिच्या डोक्यात मात्र वीस आलं. तिने बोटांवर मोजलं. मूळचे दहा, चिलखताचे पाच, चपळाईचा एक, नव्या ढालीचे चार. वीस. मग हे दोन कुठून आले?

नदीदेवीकडून. चौदा महिन्यांपूर्वी हाल्वरने बुडालेलं देऊळ मोकळं केलं होतं, आणि देवीने त्याला "पाण्याची ढाल" दिली होती, दोनची. पुस्तकात नियम स्वच्छ होता: एका जातीची दोन रक्षणं असतील तर मोठं तेवढंच धरायचं. पाण्याची ढालही ढालच. पण व्हर्नाने ती लिहिली देणग्यांच्या रकान्यात, आणि शीटला सांगून ठेवलं होतं की देणग्या सगळ्या मिळव. शीट बिचारी मिळवत राहिली. म्हणजे जुन्या ढालीनिशी खरं रक्षण एकोणीस, आणि शीट चौदा महिने सांगत होती एकवीस.

दोन आकडे म्हणजे काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण फेब्रुवारीत पुलावर एक नागीण होती. हाल्वरचे सहाच प्राण उरले होते. ग्लेनने फासे टाकून म्हटलं होतं, "वीस. बसला का?" लोवेलने टॅबलेट बघून छाती फुगवून सांगितलं होतं, "एकवीस आहे माझं. चुकला." आणि त्याने आर्नेला ॲरिझोनात फोन लावून ही कथा सांगितली होती.

आता काय करायचं? गुपचूप दुरुस्त केलं तर कुणाला पत्ता लागणार नव्हता. नवी ढाल आली आहे, आकडा बदलणारच. पण लोवेलला एकच गोष्ट हवी होती, की त्याच्यासाठी कुणी टेबल तिरकं करू नये. आणि व्हर्नाने नेमकं तेच केलं होतं, चौदा महिने, नकळत. हे कळलं तर तो पुन्हा गॅरेजात जाऊन बसेल. नाही सांगितलं तर आपण दर शनिवारी त्याच्या तोंडाकडे कसं बघायचं?

शुक्रवारी तिने ग्लेनला फोन केला. तिला वाटलं होतं, ग्लेन नियम सांगेल आणि तिच्या डोक्यावरचं ओझं जाईल.

"तू मला फोन केला नाहीस," ग्लेन म्हणाला.

"केलाय की. बोलतोय ना आपण."

"नाही केलास. दुरुस्त कर आणि सोड. म्हाताऱ्याला खेळू दे."

एकतीस वर्षांत ग्लेनने सख्ख्या भावासाठीसुद्धा नियम वाकवला नव्हता. त्याचा भाऊ रागावून उठून गेला होता, तो अजून बोलत नाही. तोच ग्लेन आज असं म्हणाला, तेव्हा व्हर्नाला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिला राग आला. म्हणजे आपण सगळ्यांनी लोवेलला मनातल्या मनात टेबलावरून उठवलंच आहे, फक्त खुर्ची तेवढी ठेवली आहे. तिने फोन ठेवला आणि रात्री सौनाही पेटवली नाही.

शनिवारी सकाळी ती निएमींच्या दारात उभी राहिली. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळे ढीग अजून वितळत होते. लोवेल स्वयंपाकघरात बसला होता, मार्जीने वेलदोड्याचा पाव कापला आणि कॉफी ओतली. व्हर्नाने पावाला हात लावला नाही.

"बरं नाही का तुला?" मार्जीने विचारलं.

"लोवेल," व्हर्ना म्हणाली, "मी चूक केलीये. तुझ्या शीटमध्ये. देवीची ढाल वेगळी धरली मी. हाल्वरचं रक्षण दोनाने जास्त दाखवतेय ती. पहिल्यापासून."

लोवेलने कप खाली ठेवला. "पहिल्यापासून म्हणजे?"

"देवळापासून. चौदा महिने."

"म्हणजे जुन्या ढालीनिशी खरं किती?"

"एकोणीस."

तो खुर्चीचा आधार घेऊन उठला, पाय ओढत कपाटापर्यंत गेला आणि पावाच्या डब्याखालच्या खणातून तीन वह्या काढून आणल्या. शाळकरी मुलांच्या असतात तशा, चौकटीच्या. व्हर्नाने एक उघडली. पानापानावर गिचमिड आकडे, खोडलेले, पुन्हा लिहिलेले, शेजारी काड्यांच्या रांगा. वर तारखा. सगळे रविवार.

"थेरपिस्ट म्हणाली होती, रोज गणितं कर," लोवेल म्हणाला. "तिने दिलेली सफरचंदांची गणितं. माझ्याकडे सफरचंदं कुठायत? म्हटलं, हाल्वरचीच करू. शनिवारी मशीनने काय काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं आणि रविवारी आपल्या हाताने करून बघायचं. आधी काहीच जमेना. मागच्या उन्हाळ्यात हल्ल्याचं जमायला लागलं. मग प्राणांचं. सगळं तुझ्या मशीनशी जुळायचं. फक्त रक्षण जुळेना."

"किती यायचं?" व्हर्नाने विचारलं, पण तिला कळलं होतं. वहीत समोरच दिसत होतं.

"एकोणीस. बोटांनी केलं, काड्यांनी केलं, मार्जीच्या बटणांनी केलं. एकोणीस. दर रविवारी दोनाने कमी. म्हटलं, तेवढा भाग डोक्यातला गेला तो गेला. उरलेलंही कशावरून बरोबर आहे? नशिबाने जुळत असेल." त्याने एक वही मिटली. "मार्चमध्ये थेरपिस्टला कळवून टाकलं, आता येत नाही म्हणून."

"मला बोलला नाही हा," मार्जी म्हणाली. "मला म्हणाला, तिनेच थांबवलं."

"अरे, मला विचारायचंस ना," व्हर्ना म्हणाली. "एकदा विचारायचंस."

"तुला काय विचारायचं? सव्वीस वर्षांत तुझी एक गाडी चुकीच्या गल्लीत गेली नाही. चूक माझीच असणार ना." त्याने तिच्याकडे पाहिलं. "परत सांग. एकोणीस?"

"एकोणीस."

"माझं बरोबर होतं."

"तुझं बरोबर होतं, लोवेल. दर रविवारी."

लोवेलने डोळ्यांवर हात ठेवला. खांदे हलायला लागले. मार्जीने पाठ फिरवून सिंकचा नळ उघडला आणि काहीही न धुता तशीच उभी राहिली. व्हर्नाचा जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी तिला स्वतःची लाजही वाटली. ज्या माणसाला आधार म्हणून तिने चष्मा करून दिला होता, त्याला तोच चष्मा दर आठवड्याला सांगत होता की तुला दिसत नाही. तिने हे तोंडानेही बोलून टाकलं. लोवेलने नाक पुसलं.

"व्हर्ना, तुझ्याइतकी गाढव बाई अख्ख्या काउंटीत नाही," तो म्हणाला. "पाव खा आता. गरम आहे."

तिने चार तुकडे खाल्ले.

दुपारी एकला लोवेल तळघरात बसायच्या आधीच म्हणाला, "ग्लेन, फेब्रुवारीची वही काढ."

ग्लेन प्रत्येक फासा वहीत टिपून ठेवायचा, शिक्षकाची खोड. त्याने व्हर्नाकडे पाहिलं. व्हर्नाने मान हलवली.

"झालं गेलं ते," ग्लेन म्हणाला. "पूल ओलांडला आपण. एवढं काय त्याचं."

"तीस वर्षं मेलेल्याला मेलेला म्हणालास. माझ्याच वेळी देव व्हायला निघालास का?"

ग्लेनने वही काढली. पान सापडायला वेळ लागला, की त्याने लावला, कोण जाणे. वाराचा आणि जखमेचा फासा तो वेळ वाचवायला एकदमच टाकायचा, म्हणून दोन्ही आकडे तिथे होते. "वाराचे वीस," त्याने वाचलं. "जखम सतरा."

"माझं रक्षण एकोणीस. वीस बसले," लोवेल म्हणाला. "प्राण होते सहा." त्याने पेन्सिल उचलली.

सहातून सतरा. व्हर्नाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले, तोंड आपोआप उघडू नये म्हणून दात मिटून घेतले. ग्लेन छताच्या पाइपकडे बघत बसला. लोवेलने काड्या काढल्या. सहा खोडल्या. थांबला. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. भट्टी पेटली, विझली. एकदा त्याने काहीतरी लिहिलं आणि लगेच खोडलं. वर कुठेतरी ग्लेनच्या बायकोने फ्रीजचं दार लावलं.

"उणे अकरा," लोवेल म्हणाला.

ग्लेनने पाइपवरची नजर खाली आणली. उणे दहाच्या खाली गेलं की मरण, हे तिघांनाही पाठ होतं.

"बरोबर आहे," ग्लेन म्हणाला. "एकाने मेला."

"एकाने मेला," लोवेल म्हणाला, आणि त्याचं तोंड कानापर्यंत फाकलं. एकोणीस वर्षं जगवलेला हाल्वर त्याने स्वतःच्या पेन्सिलने मारला होता, आणि झटका आल्यापासून एवढा खूश तो कुणाला दिसला नव्हता.

"एक मिनिट," व्हर्ना म्हणाली. "फेब्रुवारीत मेला, तर मार्चच्या खेळात मला विहिरीतून कुणी काढलं?"

लोवेलने ग्लेनकडे पाहिलं. ग्लेनने पुस्तकाकडे पाहिलं, पण ते उघडलं नाही. "नावाडी होता," तो म्हणाला. "घेतलेली माणसं पलीकडे पोचवल्याशिवाय जाणार कसा?"

हा त्याने एकतीस वर्षांत वाकवलेला पहिला नियम, आणि त्यावर कुणाची तक्रार नव्हती. तो वर जाऊन शीट छापून घेऊन आला. लोवेलने कागदावरचं बावीस खोडून शेजारी एकोणीस लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि खाली लिहिलं: "पुलावर, नागिणीने, एकाने. मी स्वतः मोजलं." कागद डब्यात गेला. पुढच्या शनिवारी हरणाच्या मांसाची हॉटडिश, ओव्हनमध्ये एकाच भांड्यात भाजलेली, आणायचं त्याने कबूल केलं, म्हणजे मार्जीने करायचं. सोमवारी थेरपिस्टला फोन करायचंही त्याने कबूल केलं, ते मात्र स्वतः.

मग त्याने कोरा कागद पुढे ओढला. नवं पात्र. व्हर्नाचा हात सवयीने टॅबलेटकडे गेला.

"राहू दे ते बाजूला," लोवेल म्हणाला. "आधी मी करतो. मग तुझ्या मशीनचं बरोबर येतं का बघू."

त्याने फासे टाकले, कागदावर आकडे मांडले. मूळचे दहा, अंगरख्याचे दोन, चपळाईचे तीन.

"रक्षण किती?" ग्लेनने विचारलं.

"थांबा," लोवेल म्हणाला.

ते थांबले.